पार्किंगमधली सायकल रस्त्यावर आणताना

२०२० सालच्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात ४१ लाख ८० हजारांहून अधिक सायकली विकल्या गेल्या. अखिल भारतीय सायकल उत्पादक संघटनेने तेव्हा जाहीर केलेला हा आकडा. टाळेबंदी शिथिल होत होती, व्यायामशाळांना कुलूप होते, बसमध्ये बसायची धास्ती होती, आणि पसंतीच्या गिअरच्या सायकलीसाठी दुकानदार लोकांना आठवडेच्या आठवडे थांबवत होते. त्या सायकलींपैकी बऱ्याच आज कुठे आहेत, हे पाहायला कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारली तरी पुरते. टायर बसलेले, सीटवर धुळीचा थर, हँडलला कुणाची तरी जुनी पिशवी.

रोज सायकलने कामावर जायचे मनात आहे, पण पहिल्याच झटक्यात पंधरा-वीस हजार घालायची तयारी नाही, अशा माणसासाठी ही पार्किंगमधली सायकल मोठी संधी आहे. मात्र ती कमी वापरलेली आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. उभ्या सायकलीचे रबर वाळते, वंगण घट्ट होते, ब्रेकच्या वायरी आतून गंजतात. नियमित चालवलेली, वर्षाला एकदा खोलून साफ केलेली आठ वर्षांची सायकल ही चार वर्षे भिंतीला टेकून राहिलेल्या ‘नव्याकोऱ्या’ सायकलीपेक्षा अनेकदा सरस निघते.

नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूरची सायकल वारी तर शहराच्या अंगवळणी पडली आहे. या सगळ्यामुळे शहरात चांगल्या सायकली आल्या, त्या दुरुस्त करणारे हात तयार झाले आणि एक सायकल विकून वरची घेणारा वर्गही उभा राहिला. नवख्याला त्याचा फायदा होतो. पण त्यातून एक गैरसमजही रुजला आहे, की सायकल चालवायची तर ती महागडी, हलकी, एकवीस-चोवीस गिअरचीच हवी.

नाशिकच्या द्वारका भागात राहणाऱ्या नोकरदाराचे अंतर मोजून पाहावे. सीबीएस-शालिमार दोन-तीन किलोमीटर, नाशिकरोड स्टेशन सहा-सात, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत दहाच्या आसपास. रस्ता बहुतेक सपाट, चढ आहेत ते पुलांचे आणि नदीकडून वर येण्याचे. तीन किलोमीटरसाठी एका गिअरची साधी सायकल भरपूर झाली. सहा-सात किलोमीटरला मागे सहा-सात गिअर असले की गुडघ्यांना आराम पडतो. पुढच्या तीन चकत्यांची गरज या शहरात रोजच्या प्रवासाला क्वचितच लागते. पुढच्या चिमट्यातल्या स्वस्त शॉकअपचे तर उलटेच आहे: तो वजन वाढवतो, पायडलला दिलेला जोर थोडा गिळतो आणि चार वर्षांत गंजून अडकतो. साधा, घट्ट चिमटा असलेली सायकल मिळत असेल तर नवख्याने तीच निवडावी, हे आग्रहाने सांगायला हवे.

मग जुनी काळी ‘बावीस इंची’ किंवा ‘चोवीस इंची’ घ्यायला काय हरकत? दूधवाल्यांनी आणि शिफ्टच्या कामगारांनी तिच्यावर आयुष्य काढले आहे. ॲटलसने ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा कारखाना बंद केला, तेव्हा तिचे सुटे भाग आता मिळणार नाहीत असे पुष्कळांना वाटले. पण हीरो, ॲटलस, एव्हॉन यांच्या या साध्या सायकलींचे बहुतेक भाग एकमेकांना चालतात, त्यामुळे टायर, कॉटर पिन, छर्रे गावोगावच्या दुकानात मिळतात. अडचण वेगळीच आहे आणि ती पावसाळ्यात कळते. या सायकलीची रिम चकचकीत पोलादाची असते. ती ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर घेते. गल्लीबोळात निभावून जाईल. द्वारका चौकात नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ट्रक, सिटीलिंकच्या बस आणि रिक्षा एकाच वेळी वळतात, तिथे जून ते सप्टेंबर ॲल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेकच हवा. कंपनी आणि रंग यांच्याआधी ही एक गोष्ट पाहिली तरी निम्मी निवड बरोबर होते.

सायकल पाहायला जायचे ते दिवसाउजेडी, सोबत एक फूटपट्टी आणि हवा भरायचा पंप घेऊन. टायर बसलेले असतील तर विकणारा म्हणतो, “हवाच तर नाहीये, बाकी एकदम ओके.” हवा भरल्याशिवाय सायकल चालवता येत नाही आणि चालवल्याशिवाय ती घ्यायची नाही, म्हणून पंप. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसत असतील तर आत हवा राहो अथवा न राहो, जोडी बदलायचा खर्च मनात धरावा.

पहिली नजर सांगाड्यावर टाकावी, कारण बाकी सगळे बदलता येते. हँडलच्या खाली, जिथे वरचा आणि खालचा दांडा पुढच्या नळीला जोडलेला असतो, तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा दिसला तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. तिथे बोट फिरवावे, डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला लागते. लोखंडी सांगाडा वेल्डिंगने सांधता येतो. ॲल्युमिनियमला तडा असेल तर भाव कितीही उतरो, ती सायकल सोडून द्यावी. दोन्हींतला फरक ओळखायला फ्रिजवरचे चुंबक खिशात टाकून न्यावे. नंतर सायकलच्या मागे उभे राहून पाहावे, दोन्ही चाके एका रेषेत आहेत का. नसतील तर चिमटा वाकलेला असू शकतो.

मग चाक उचलून फिरवावे. ब्रेकच्या रबराजवळ रिम डावी-उजवीकडे लहरत असेल तर चाकाला ‘आऊट’ आहे. थोडासा आऊट कारागीर तारा आवळून काढून देतो, त्याची भीती नाही. रिमवर खोक पडली असेल किंवा ब्रेकच्या पट्ट्यात पन्हळ झाली असेल तर मात्र रिमच संपलेली. चाक हातात धरून बाजूला हलवल्यावर खडखडले तर कोन ढिला आहे. फिरवताना वाळू दळल्यासारखे वाटले तर छर्रे आणि वाटी गेली. क्रँक दोन्ही हातांनी सांगाड्याकडे दाबून-ओढून तशीच परीक्षा करावी. पायडल सरळ बसले आहे ना, हेही पाहावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. कुणी अडाणीपणाने ते सुलटे आवळले असेल तर क्रँकचे आटे चिरडलेले असतात आणि पायडल एक दिवस भर रस्त्यात गळून पडते.

फूटपट्टी लागते ती चेनसाठी. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्या मोजल्या की बरोबर बारा इंच भरायला हवेत. वापरून चेन झिजते आणि ‘वाढते’. अर्धे सूत जास्त भरले तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त असेल तर तिने बहुधा मागचे दातेही खाल्ले आहेत. नवी चेन त्यांच्यावर घसरेल आणि चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावे लागेल. अर्ध्या मिनिटाची ही मोजणी, पण तिच्यामुळे भाव पाडायला ठोस कारण हाती येते.

टायरवरचे आकडे टिपून घ्यावेत, कारण तिथे एक जुनी गफलत दडली आहे. ‘सव्वीस इंची’ म्हणून ओळखली जाणारी दोन चाके एकमेकांची टायर घेत नाहीत. २६ × १-३/८ च्या टायरला बसायला रिमवर ५९० मिलिमीटर व्यास लागतो, तर जाड टायरच्या २६ × १.९५ ला ५५९. काळ्या सायकलीचा २८ × १-१/२ आणि आजकालचा ७००सी यांचेही तसेच, एकाचा ६३५ तर दुसऱ्याचा ६२२. आपल्या घराजवळच्या किंवा कामाच्या वाटेवरच्या दुकानात कोणता टायर मिळतो, हे आधी विचारून घ्यावे. परदेशी बनावटीची सुरेख सायकल एका टायरसाठी महिनाभर उभी राहिली तर रोजच्या प्रवासाला तिचा काय उपयोग?

माप हा विषय दुकानातही दुर्लक्षित राहतो. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहिल्यावर दांडी अंगाला लागता कामा नये. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट तेवढी वर-खाली होते का, हे बसून पाहावे. कित्येकदा सीटची नळी गंजून सांगाड्यातच अडकलेली असते. उंची कमी असेल किंवा साडी, कुर्ता घालून जायचे असेल तर खाली उतरत्या दांडीची सायकल अधिक सोयीची, पुरुषांनाही. डबा, लॅपटॉप, भाजी न्यायची तर कॅरिअर हवे, आणि मागच्या आसाजवळ ते बसवायची भोके आहेत का, हे खेळाच्या सायकलीत तपासावेच लागते. मडगार्ड नसेल तर पावसात पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली.

सायकलीला आरटीओची नोंदणी नाही, परवाना नाही. नगरपालिकेचा वर्षाचा बिल्ला लावायचे दिवसही गेले. त्यामुळे मालकी सिद्ध करायला कागद उरतो तो मूळ बिलाचा. ते नसेल तर साध्या कागदावर तारीख, रक्कम, दोघांची नावे, सही आणि सांगाड्याचा क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक बहुधा क्रँकच्या खाली ठोकलेला असतो. तो खरवडलेला दिसला किंवा पंधरा हजारांची सायकल कुणी दीड हजारात गळ्यात मारू लागला, तर तिथून निघावे. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

भाव ठरवताना विकणारा त्याच्या वेळच्या बिलाकडे बोट दाखवतो. घेणाऱ्याने आजच्या दुकानातली किंमत काढून न्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे जुन्या बिलाशी तुलना करण्यात अर्थ उरलेला नाही. पाच-सहा वर्षे उभ्या असलेल्या सायकलीला आजच्या नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, आणि दिलेल्या रकमेच्या पाव ते तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढावा. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरे, वायरी, चेन आणि एक संपूर्ण ओव्हरहॉलिंग धरले की हिशेब साधारण तिथे जातो. दुरुस्ती करणाऱ्या दुकानातूनच जुनी सायकल घेतली तर थोडे जास्त पडतात, पण हे काम झालेले असते आणि बिघडली तर कुणाकडे जायचे हेही ठरलेले असते. पहिल्यांदा घेणाऱ्याला तोच मार्ग बरा.

सायकल घरी आली की रविवारी सकाळी कामाच्या ठिकाणापर्यंत एकदा जाऊन यावे आणि त्यातच सोमवारची वाट ठरवावी. द्वारकेहून नाशिकरोडला पुणे रस्त्याने काठे गल्ली, नासर्डी पूल, उपनगर, दत्तमंदिर अशी सरळ वाट आहे, पण बस आणि ट्रकही त्याच वाटेचे. टाकळी-जेलरोडकडून जाणे थोडे लांब पडले तरी सुरुवातीच्या दिवसांत मन शांत राहते. खुद्द द्वारका चौक ओलांडताना सायकलवरून उतरून पादचाऱ्यांसोबत चालत पलीकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही. संध्याकाळी परतायचे असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा पहिल्याच दिवशी लावावा, रिफ्लेक्टरवर विसंबू नये, कारण तो दुसऱ्याचा प्रकाश पडला तरच चमकतो.

पंधरा दिवसांनी सायकल पुन्हा कारागिराकडे न्यावी लागते. नव्या वायरी ताणतात, आवळलेल्या तारा जागेवर बसतात, ब्रेक थोडे ढिले होतात. त्यानंतर आठवड्याला हवा, महिन्याला चेन पुसून दोन थेंब तेल, आणि मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, ब्रेकची रबरे तपासून घ्यायची.