शाळेच्या दाराशी रडणारे मूल

मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या तेलंगणातील शाळा बालवर्गासह पुन्हा उघडल्या, त्या १ सप्टेंबर २०२१ रोजी. जानेवारी २०२२ मध्ये लांबलेल्या सुट्टीने बसू लागलेली घडी पुन्हा मोडली. त्या काळात फाटकाशी रडणारी मुले पाहून “घरात राहून लाडावली” असे पुष्कळांनी म्हटले. मला हे पटत नाही. दीड वर्ष ज्याला “बाहेर जाऊ नकोस, कुणाला हात लावू नकोस” असे बजावले, त्यालाच एका सकाळी अनोळखी मुलांत नेऊन बसवले, तर रडण्यात त्याचे काय चुकले? मोठ्यांचे कालचे बोलणे त्याने खरे मानले होते, एवढेच!

लहान मुलाची खरी भीती शाळेची नसते. आई परत येईल की नाही, ही असते. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने आई व मूल यांच्या ताटातुटीचा अभ्यास करून या भीतीकडे जगाचे लक्ष वेधले. म्हणून मुलाची नजर चुकवून सटकणे हा आपल्याकडचा जुना उपाय उलटतो. त्या दिवशी रडणे टळते, पण दुसऱ्या दिवशी मूल पदर सोडत नाही. सांगून, हसून, थोडक्यात निरोप घ्यावा. “बारा वाजता येते” याचा त्याला बोध होत नाही. “डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी फाटकाशी” हे कळते. मात्र मग फाटकाशी वेळेवर असलेच पाहिजे. पहिले काही दिवस तास-दोन तासच ठेवावे, घरचा एखादा रुमाल जवळ द्यावा. सकाळचे पोटदुखणे ढोंग समजू नये. भीतीनेही पोट खरेच दुखते. काही आठवडे उलटूनही झोप व जेवण बिघडलेलेच राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या हैदराबादेत आणखी एक अडचण असते, ती भाषेची. घरात मराठीच ऐकलेले मूल वर्गात “पाणी” म्हणते, आया विचारते, “नीळ्ळु कावाला?” आमच्या कन्नड मित्रांच्या घरचे मूल “नीरु” मागते. तहान एकच, पण सांगता न आल्याने मूल गप्प बसते, आणि कधी चड्डी ओली होते. पाणी, शू, भूक, दुखते, आई हवी – मुलाचे हे पाच-सहा शब्द चिठ्ठीवर लिहून पहिल्याच दिवशी बाईंच्या हाती द्यावेत. आयालाही ते वाचून दाखवावेत, कारण पाण्याला आणि शूला तीच नेते.