बर्बन व स्कॉच व्हिस्की : स्वाद-तुलना

धान्याच्या आंबवणाचे ऊर्ध्वपातन (द्रवाची वाफ करून व ती थंड करून पुन्हा द्रव मिळविण्याची क्रिया) करून मिळणारा अर्क ओक लाकडाच्या पिंपात मुरविला म्हणजे व्हिस्की हे मद्य तयार होते. हे नाव गेलिक भाषेतील ‘जीवनजल’ या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. व्हिस्कीच्या प्रकारांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बर्बन व स्कॉटलंडमधील स्कॉच हे दोन विशेष प्रसिद्ध आहेत. बर्बन गोडसर, तर स्कॉच धुरकट असे त्यांचे वर्णन सामान्यतः करण्यात येते. हे वर्णन ढोबळ आहे. कारण पुष्कळशा स्कॉच व्हिस्कींना धुराचा वास मुळीच नसतो आणि बर्बनमध्ये साखरेचे प्रमाण अत्यल्प असते. दोहोंच्या स्वादांतील भेदाचा उलगडा धान्य, ऊर्ध्वपातनाची पद्धत, पिंप व हवामान या चार गोष्टींवरून होतो.

कायदेशीर व्याख्या : अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ मध्ये ठराव करून बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे मान्य केले. बर्बनसाठी वापरावयाच्या धान्यमिश्रणात किमान ५१% मका असावा लागतो. ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या अर्कातील अल्कोहॉलाचे प्रमाण घनफळाने ८०% हून अधिक असून चालत नाही. तो ६२.५% वा त्याहून कमी तीव्रतेचा करून आतून जाळलेल्या, नव्या ओक पिंपात भरावा लागतो. रंग किंवा स्वादद्रव्य मिसळण्यास मनाई आहे. ‘स्ट्रेट बर्बन’ या नावासाठी किमान दोन वर्षे मुरविणे आवश्यक असते. बर्बनचे बहुतांश उत्पादन केंटकी राज्यात होत असले, तरी ती तेथेच तयार व्हावी असे बंधन नाही. याउलट स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडमध्येच तयार करून तेथेच मुरवावी लागते. २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओक पिंपात किमान तीन वर्षे ठेवणे आवश्यक आहे. मात्र पिंप नवे असण्याची अट नाही. तीत पाणी व साधा कॅरमेल रंग यांखेरीज काहीही मिसळता येत नाही. बाटलीत भरताना दोन्ही मद्यांत किमान ४०% अल्कोहॉल असावे लागते.

धान्य व धूर : बर्बनच्या मिश्रणात बहुधा ७०% किंवा त्याहून अधिक मका असतो. उरलेल्या भागात राय व मोड आणून वाळविलेले सातू (माल्ट) असतात. मक्यामुळे मद्याला सौम्य गोडसरपणा येतो, तर रायमुळे मिरी-मसाल्यांसारखी तिखट छटा येते. काही उत्पादक रायऐवजी गहू वापरतात. अशी बर्बन अधिक मृदू लागते. ‘सावर मॅश’ या पद्धतीत आधीच्या ऊर्ध्वपातनातून उरलेले आम्लयुक्त पाणी नव्या आंबवणात मिसळतात. त्यामुळे किण्वन (आंबण्याची क्रिया) नियंत्रित राहते; मद्य मात्र आंबट होत नाही.

माल्ट स्कॉच केवळ माल्ट केलेल्या सातूपासून बनवितात. ग्रेन स्कॉचमध्ये माल्टबरोबर गहू किंवा मका वापरतात व या दोहोंच्या मिश्रणाने नेहमीची मिश्र (ब्लेंडेड) स्कॉच तयार होते. धुराचा वास सातूत उपजत नसतो. ओले सातू वाळविताना खाली पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जमिनीतील ज्वलनशील थर) जाळल्यास धुरातील ग्वायाकॉल, क्रेसॉल इ. फिनॉली संयुगे दाण्यांना चिकटतात. आयला बेटावरील लफ्रॉइग, आर्डबेग इ. व्हिस्कींना या संयुगांमुळे धुराचा व औषधासारखा वास येतो. स्पे नदीच्या परिसरातील बहुतेक उत्पादक मात्र पीटचा वापर अगदी थोडा करतात किंवा करीतच नाहीत. म्हणून तेथील व्हिस्कीत सफरचंद, नासपती, मध यांसारख्या छटा स्पष्ट जाणवतात. त्या मुख्यत्वे किण्वनात तयार होणाऱ्या एस्टर संयुगांमुळे येतात.

ऊर्ध्वपातन : माल्ट स्कॉचसाठी तांब्याच्या घटाकार भट्टीत सामान्यतः दोनदा ऊर्ध्वपातन करतात. तांब्याशी संयोग होऊन दुर्गंधी गंधकयुक्त संयुगे कमी होतात. बर्बन बहुधा अखंड चालणाऱ्या स्तंभाकार भट्टीत तयार करून दुसऱ्या पात्रात पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. ग्रेन स्कॉचही स्तंभाकार भट्टीत तयार होते, पण तिच्या अर्काची तीव्रता ९४.८% च्या किंचित खालपर्यंत नेता येते. तीव्रता जितकी अधिक, तितके अर्कातील धान्याचे स्वादघटक कमी. म्हणून ग्रेन स्कॉच फिकी व हलकी असते, तर बर्बनमध्ये मक्याची चव टिकून राहते.

पिंप व हवामान : दोन मद्यांतील सर्वांत मोठा भेद पिंपामुळे घडतो. अमेरिकन श्वेत ओकच्या (क्वेर्कस आल्बा) लाकडाला उष्णता दिली असता त्यातील लिग्निनापासून व्हॅनिलीन तयार होते आणि हेमिसेल्युलोजापासून जळक्या साखरेसारखी चव देणारी संयुगे होतात. या लाकडातील लॅक्टोनांमुळे खोबऱ्यासारखा वास येतो. आतील कोळशाचा थर नकोसे घटक शोषून घेतो. पिंप नवे असल्याने बर्बन हे सर्व घटक मुबलक प्रमाणात उचलते. तिचा गडद तांबूस रंगही त्यातूनच येतो. जिभेला वाटणारा तिचा गोडवा बराचसा व्हॅनिलाच्या वासाने सुचविलेला असतो.

एकदा वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी घेता येत नाही. सु. २०० लिटरची ही पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात व तेथे अनेकदा वापरली जातात. त्यांतील तीव्र घटक आधीच निघून गेलेले असल्याने स्कॉचमध्ये धान्य, किण्वन व पीट यांच्या छटा झाकल्या जात नाहीत. तथापि स्कॉचमधील व्हॅनिलाची मंद छटा पुष्कळदा बर्बनच्याच पिंपाची देणगी असते. शेरी या स्पॅनिश द्राक्षमद्यासाठी तयार केलेल्या पिंपांत मुरविलेल्या स्कॉचला मनुका, अंजीर यांसारखा स्वाद येतो.

केंटकीतील कडक उन्हाळ्यात मद्य लाकडात खोल शिरते व थंडीत बाहेर येते. त्यामुळे चार ते आठ वर्षांत बर्बन परिपक्व होते. फार काळ ठेवल्यास तिला लाकडाचा कडवटपणा येऊ शकतो. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत ही क्रिया संथ चालते व बाष्पीभवनाने वर्षाला सु. २% मद्य घटते. म्हणून बारा वर्षांची स्कॉच व सहा वर्षांची बर्बन यांची केवळ वयावरून तुलना करणे योग्य नव्हे.

स्वादपरीक्षा : जिभेला मूलभूत चवी थोड्याच कळतात, व्हिस्कीचा स्वाद मुख्यतः नाकाला जाणवतो. म्हणून परीक्षक तोंडाशी निमुळता असलेला पेला घेतात व मद्यात पाणी घालून वास घेतात. कार्लसन व फ्रीडमन या स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने असे दाखविले की, अल्कोहॉलाचे प्रमाण सु. ४५% पर्यंत असताना ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होते, तर प्रमाण त्याहून बरेच वाढल्यास ते द्रवात आत ओढले जाते. पाण्याने धुराचा वास खुलतो, या अनुभवाला त्यामुळे आधार मिळाला.

भारतातील संदर्भ : भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मद्यांत उसाच्या मळीपासून काढलेला स्वादहीन अर्क वापरतात. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच बनविलेली असावी लागत असल्याने अशी मद्ये तेथे त्या नावाने विकता येत नाहीत. तथापि बंगळूरूच्या अमृत या उत्पादकाने २००४ मध्ये निव्वळ माल्ट व्हिस्की ब्रिटनमध्ये विक्रीस आणली. गोव्यातही पॉल जॉन या नावाने तशी व्हिस्की तयार होते. या दोन्ही ठिकाणी बर्बनची जुनी पिंपे वापरतात. उष्ण हवेमुळे येथे बाष्पीभवन स्कॉटलंडच्या कित्येक पट होते व मद्य थोड्या वर्षांतच परिपक्व होते. माल्ट स्कॉचप्रमाणे सातूचे, पिंप बर्बनचे व हवामान भारतीय असलेल्या या मद्यांवरून वरील चार घटकांचा स्वादावरील प्रभाव एकत्रित अभ्यासता येतो.