पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

‘नीट’चा निकाल लागला की नाशकातल्या माझ्या दवाखान्यात पालक गुणपत्रिकाच घेऊन येतात. ‘डॉक्टर, नव्वद पडले!’ अहो, ते टक्के नव्हेत. बाळाचे वजन ५० पर्सेंटाइलला आहे असे मी म्हणतो, तेव्हा ते निम्मेच भरले असे नसते. निम्मी बाळे त्याहून हलकी, एवढेच. इथेही तसेच. २०२५ साली खुल्या गटाच्या पात्रतेला लागणाऱ्या ५० पर्सेंटाइलसाठी ७२० पैकी १४४ गुण, म्हणजे अवघे २० टक्के पुरले. पण परीक्षेला बसले सुमारे २२ लाख. नव्वदवाल्याच्या पुढे सव्वादोन लाखांच्या आसपास मुले, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख! म्हणून पेढे वाटण्याआधी गुणवत्ता क्रमांक पाहा. मुलाची झोप किंवा भूक उडाली असेल, तर मात्र गुणपत्रिका घरी ठेवून त्याला घेऊन या.