दिव्रिई: तुर्कस्तानातला आडवळणाचा तालुका

सिवास प्रांतातला हा डोंगराळ भाग फारसा कुणाला माहीत नसतो, याची खरंच हळहळ वाटते. बायझंटाईन साम्राज्याने पाखंडी ठरवलेल्या पॉलिशियन ख्रिस्ती पंथाचा नवव्या शतकात इथे बालेकिल्ला होता. पुढे मेंगुजेक घराण्यातल्या अहमद शाहने १२२८ च्या सुमारास मशीद बांधायला घेतली. तिला लागूनच तुरान मेलिक या राजस्त्रीने रुग्णालय उभारलं. तिथली दारं एकदा फोटोत तरी बघाच! अहलातच्या हुर्रम शाह या वास्तुकाराच्या हातून दगडाला अक्षरशः पालवी फुटली आहे. १९८५ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे.

तालुक्यातल्या गावांमध्ये अलेवी या मुस्लिम पंथाची वस्ती मोठी. १९१५ पर्यंत आर्मेनियनही होते. आणि तुर्कस्तानात रेल्वेमार्ग बांधणारे, नंतर विमानांचा कारखाना काढणारे उद्योजक नुरी देमिरा हे इथलेच.