गूळ, सैंधव आणि आपले पथ्यपत्रक

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. दुसरा भेद आहारविहारातून उद्भवतो. म्हणजेच तो टाळणे बऱ्याच अंशी शक्य आहे. चरकसंहितेतील कारणे पाहिली, तर सुखासीनता, अतिनिद्रा, दही, नवे धान्य व गुळाचे पदार्थ ही यादी आजच्या दिनक्रमाचेच वर्णन वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या व्यक्ती आपल्याच चिकित्सालयांत सर्दी-अम्लपित्तासाठी येत असतात.

प्रतिबंध निष्फळ नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात केवळ आहार व व्यायाम यांमुळे अशा व्यक्तींमधील मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

मात्र आपली पथ्यपत्रके तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. ‘साखर वर्ज्य, गूळ चालेल’ हे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. गूळ ही मुख्यतः शर्कराच आहे आणि संहितेनेही गुळाच्या पदार्थांना प्रमेहाचे कारण मानले आहे. मध लेखन व रूक्ष खरा. तथापि तो अनुपानाच्या मात्रेतच असावा. जागतिक आरोग्य संघटना मधासह सर्व मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगते. २००० किलोकॅलरी घेणाऱ्यास ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम.

सैंधवाचेही तसेच. तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असल्याने दिवसाच्या ५ ग्रॅम मीठमर्यादेत त्याची गणना व्हावी. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यात धरावे. गोघृताची थोरवी मान्य करूनही रक्तातील मेद वाढलेल्या रुग्णास ते ‘हवे तेवढे’ सांगू नये. वनस्पती तूप आणि पुनःपुन्हा तापविलेले तेल तर वर्ज्यच.

वर्ज्यांबरोबर ग्राह्यही सांगावे. प्रमेहात प्रशस्त मानलेल्या यवातील विद्राव्य तंतूंमुळे शर्करेचे शोषण मंदावते. जुने धान्य मोजके, मूग-हरभऱ्याचे वरण पुरेसे, आणि अर्धे ताट पडवळ, दोडका, कारले, पालेभाज्या यांचे असावे.

औषधालयचालकांना आमची विनंती अशी की, च्यवनप्राश, अवलेह, गुलकंद व आसवारिष्टे देताना ग्राहकास मधुमेहाविषयी अवश्य विचारावे. इन्सुलिन अथवा शर्करा घटविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने अन्न एकाएकी कमी केले किंवा गुडमार, मेथी इत्यादी द्रव्ये सुरू केली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून चालू औषध परस्पर बंद करवू नये; मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. छातीत दडपण व घाम अशी लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

पथ्य सांगणे हा आपल्या शास्त्राचा जुना अधिकार आहे. तो मात्रेसह, तारतम्याने वापरला, तरच रुग्णाचा विश्वास सार्थ ठरेल.