भीमाची रात्र आणि उषवदाताचे व्याज

सातपूरच्या आमच्या वसाहतीतील मुलांना घेऊन आम्ही एका रविवारी त्रिरश्मी लेण्यांवर गेलो होतो. अर्ध्या पायऱ्या चढलो नाही तोच एका लहानग्याने विचारले, "काका, ही भीमाने एका रात्रीत खोदली ना? आजी सांगते." मोठी मुले फिदीफिदी हसली. (कालपर्यंत तीही 'पांडवलेणी'च म्हणत होती!) पोर खजील झाले.

वाचकहो, पूर्वी आम्हीही अशा वेळी रागावत असू. याच गोष्टीवरून आम्ही आईला चारचौघांत खोटे पाडले होते. तिने पुन्हा कोणतीच गोष्ट सांगितली नाही. ती रुखरुख अजून आहे. म्हणून म्हटले, "आजीची गोष्ट पुरती सांग." त्याने सांगितली: वनवासातले पांडव, कोंबडा आरवायच्या आत संपवायचे काम आणि उजाडल्यामुळे अर्धवट राहिलेले खांब. ब्राह्मी अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा एवढा पाषाण कोरला कोणी, याचे लोकांनी शोधलेले हे उत्तर.

मग तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख दाखवला. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी पराक्रमाने राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा, असे त्यात आहे. "म्हणजे भीम आहे!" पोर ओरडले. आहे, पण उपमेपुरता. हाती छिन्नी नाही.

खरी गंमत दहाव्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. हे गोवर्धन आपल्या गंगापूरजवळचेच. मुद्दल काढायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पैकी 2000 वर दर दरमहा शेकडा एक. आमच्यातला कारकून जागा झाला! मुलांना तोंडी हिशेब घातला: महिन्याचे 20, वर्षाचे 240, वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी किती?

"बारा!" पहिला आवाज त्या लहानग्याचाच. शिलालेखातही बाराच आहेत. मोठी मुले आता हसली नाहीत.

उतरताना तो म्हणाला, "आज आजीला मी गोष्ट सांगणार. विणकरांची."

"आणि तिची भीमाची?"

"ती पण ऐकणार. कोंबड्याचा आवाज ती छान काढते."