शून्य नंबरचा रस्ता

गेल्या दिवाळीचा फराळ संपत आला तरी लेक पुण्याला परत जायचं नाव काढेना, तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती. ‘सध्या घरूनच काम आहे,’ एवढंच ती म्हणाली होती. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला की ती माडीवरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. मी पाणी प्यायला उठले की दाराच्या फटीतून निळसर उजेड दिसायचा. एकदा न राहवून आत डोकावले. पडद्यावर एक पोक्त वयाचा ट्रकवाला, त्याच्या शेजारी गवताची टोपी घातलेलं कुत्रं, आणि खाली नुसती अक्षरं.

‘सत्तावीस वर्षांची घोडी झालीस आणि गेम कसले खेळतेस गं?’

‘आई, पाच मिनिटं बस. यात मारामारी नाहीये. वाचायचंय फक्त.’

गेम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गाड्यांच्या शर्यती, बंदुका आणि भाच्याचं ‘मर, मर’ असं ओरडणं. इथे तर काहीच पळत नव्हतं. रात्रीची वेळ, एक पेट्रोल पंप, त्यावर घोड्याचं भलंमोठं तोंड. पंपावरचा आंधळा म्हातारा ट्रकवाल्याला विचारत होता, कुत्र्याचं नाव काय? खाली तीन उत्तरं. त्यातलं एक आपण निवडायचं. होमर म्हणायचं, ब्लू म्हणायचं, की ‘असंच कुठलंसं कुत्रं आहे, नाव माहीत नाही’ म्हणून सांगायचं?

‘ब्लू,’ मी म्हटलं. झालं! त्या रात्री साडेबारापर्यंत मी तिथेच बसले.

खेळ कसला, गोष्टच ती!

या गेमचं नाव ‘केंटकी रूट झीरो’. केंटकी हे अमेरिकेतलं एक राज्य. घोडे, कोळसा आणि मक्याची दारू यांसाठी प्रसिद्ध. गेम केला तीन जणांनी. जेक इलियट आणि तामास केमेन्झी हे दोघे मित्र आणि संगीतकार बेन बॅबिट. त्यांच्या कंपनीचं नाव ‘कार्डबोर्ड कॉम्प्युटर’, म्हणजे पुठ्ठ्याचा संगणक. २०११ साली त्यांनी इंटरनेटवर लोकांकडे वर्गणी मागितली, ती जमली ८,५८३ डॉलर. मोठ्या गेमवर कोट्यवधी डॉलर ओतले जातात, त्यापुढे ही रक्कम म्हणजे गल्लीतल्या गणपतीची वर्गणी. पण त्यांनी घाई केली नाही. नाटकासारखे पाच अंक ठरवले. पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला आणि शेवटचा जानेवारी २०२०मध्ये. सात वर्षं लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसले होते!

कथा साधीच. कॉनवे नावाचा ट्रकवाला जुन्या वस्तूंच्या दुकानासाठी सामान पोचवतो. दुकान बंद व्हायच्या बेतात आहे, मालकीणबाई थकल्यात. ही शेवटची फेरी. पत्ता आहे ५, डॉगवूड ड्राइव्ह. पण हा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. तिथे जायचं तर म्हणे ‘झीरो’ नावाच्या रस्त्यानं जावं लागतं, आणि तो रस्ता जमिनीच्या पोटातून, गुहांमधून जातो. तिथे नेहमीसारखे उजवे-डावे फाटे नाहीत. रस्ता गोल आहे. कुठल्या खुणेपाशी पोचून माघारी वळलात, यावर कुठे निघणार ते ठरतं.

वाटेत काय काय भेटतं! एक सरकारी कार्यालय भेटतं, ते चक्क जुन्या चर्चमध्ये भरतं. मग चर्च कुठे गेलं? ते एका गोदामात हलवलंय. कार्यालयाच्या एका मजल्यावर नुसती अस्वलं बसलीत, आणि लिफ्टमध्ये त्या मजल्यापुढे तसं लिहिलंयसुद्धा! एक संग्रहालय आहे, त्यात माणसांची घरं मांडून ठेवलीत आणि माणसं अजून त्या घरांत राहतायत. एका लहान मुलाचा भाऊ म्हणजे डोंगराएवढा गरुड आहे. यातल्या कशाचंच कुणाला आश्चर्य वाटत नाही.

लेक म्हणाली, याला ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या १९६७च्या कादंबरीमुळे तो जगभर पोचला. गेममधल्या एका कुटुंबाचं आडनावही मार्केझच आहे. मी म्हटलं, अगं, आमच्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये शेषभगवान ब्राह्मणाचा वेष घेऊन, ‘मी हिचा मामा’ म्हणून मुलीला न्यायला येतो, तेव्हा कोण डोळे विस्फारतं? माहेरचं माणूस न्यायला आलं, हेच महत्त्वाचं. हेही तसंच.

गुहेत शिरलेली बाई

या गेममागे एक खरी हकिगत आहे आणि मैत्रिणींनो, ती मला गेमइतकीच आवडली. केंटकीत ‘मॅमथ केव्ह’ नावाची गुहा आहे. जगातली सर्वांत लांब. आजवर मोजलेली लांबी साडेसहाशे किलोमीटरहून जास्त. तिच्या पोटात एको नावाची नदी वाहते. गेमच्या चौथ्या अंकात आपण बोटीतून तिच्यावरूनच जातो. शेजारच्या डोंगराखाली दुसरी मोठी गुहा. दोन्ही आतून जोडलेल्या असणार असा संशोधकांचा कयास होता, पण वाट सापडत नव्हती. १९७२च्या उन्हाळ्यात पॅट्रिशिया क्राउदर ही सडपातळ बाई, बाकीच्यांना शिरायला अवघड अशा एका चिंचोळ्या फटीतून पुढे सरकली. पलीकडे तिला जुन्या शोधकानं कोरलेलं नाव आणि बाण दिसला. त्या खुणेच्या आधारानं ९ सप्टेंबर १९७२ रोजी तिच्यासह सहा जणांची तुकडी मॅमथ केव्हमध्ये निघाली. दोन गुहांची एक गुहा झाली!

तिचा नवरा विल क्राउदर संगणकतज्ज्ञ. गुहेची मोजमापं संगणकात भरून दोघांनी मिळून नकाशे केले. पुढे त्यांचा संसार मोडला. दोन मुलींशी आपलं नातं तुटेल, या काळजीत विलनं १९७५-७६च्या सुमारास त्यांच्यासाठी संगणकावर एक खेळ लिहिला. चित्र नाही, आवाज नाही, नुसते शब्द. संगणक सांगणार तुम्ही कुठे उभ्या आहात, मुली शब्द टाइप करून सांगणार कुठे जायचं. गुहा तीच, जिथे आई-बाबा दोघं जायचे. तिच्या ज्या भागावर खेळ बेतला त्याचं नाव ‘बेडक्विल्ट’, म्हणजे गोधडी! हा खेळ ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून जगभर गेला, आणि अशा सगळ्याच खेळांना पुढे तेच नाव पडलं. ‘केंटकी रूट झीरो’च्या तिसऱ्या अंकात गुहेत एक अवाढव्य संगणक येतो, त्यावर शब्दांचाच खेळ चालू असतो. तो विलच्या खेळाला केलेला नमस्कार आहे.

पान्यापकड आणि पेला

आमच्या ह्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. २०१२ साली बंद केलं. पातळ टीव्ही आले, दुरुस्त करून घेणारे कमी झाले आणि उधारी मात्र वाढली. त्यामुळे गेममध्ये शॅनन मार्केझ आली तेव्हा मी सरसावून बसले. शॅनन जुने टीव्ही दुरुस्त करते. तिचे आई-वडील एल्कहॉर्नच्या कोळसा खाणीत होते. खाणीत पाणी शिरलं त्यात गेले. कॉनवेबरोबर ती त्या खाणीत उतरते, तिथे दगड कोसळून कॉनवेचा पाय जायबंदी होतो. ‘पिक्चर ट्यूब’ हा शब्द ऐकून हेही तिसऱ्या रात्री वर आले आणि शॅननच्या टेबलावरच्या सामानातल्या चुका काढत बसले.

तिसऱ्या अंकात दोन गाणारे यंत्रमानव दारूच्या गुत्त्यात गाणं म्हणतात. गाण्याच्या ओळी आपण निवडायच्या. गाणं सुरू झालं की छप्पर हलकेच नाहीसं होतं आणि वर चांदणं. आम्ही तिघंही गप्प. मग यांनी हळूच एक ओळ सुचवली. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी गाण्याची ओळ ऐकली नव्हती.

पण गेमच्या पोटात खरी गोष्ट आहे ती कर्जाची. कॉनवेच्या पायावर उपचार होतात, त्याचं बिल त्याच्या नावावर. दुखरा पाय बरा होतो म्हणे, पण त्या जागी चमकणाऱ्या हाडांचा सापळा उरतो. पुढे एक भूमिगत दारूचा कारखाना लागतो. तिथले सगळे कामगार असेच चमकणारे सापळे. कर्ज फेडता फेडता तसे झालेले. कॉनवेनं दारू सोडलेली असते. तिथे त्याच्या हातात एक पेला येतो आणि तो पितो. पेला असतो भारीतल्या दारूचा. किंमत पुन्हा त्याच्या खात्यावर. ती फेडायला आता त्यानं कारखान्याचा ट्रक चालवायचा.

ही कल्पना हवेतली नव्हे. केंटकीतल्या खाणींच्या गावांत एकेकाळी कंपन्या मजुरी नाण्यांऐवजी आपल्या टोकनमध्ये द्यायच्या; ती चालायची कंपनीच्याच दुकानात. माणूस राबायचा तिथे आणि देणंही तिथेच. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना मुकादमाची उचल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पेल्याच्या त्या प्रसंगाला लेकीचा हात थांबला. हे खाली झोपायला गेले होते.

‘अगं, पुढे जा की.’

‘आई, माझंही असंच झालंय.’

नोकरी ऑगस्टमध्येच गेली होती. खोलीचं भाडं भागवायला मोबाइलवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं. ते फेडायला दुसऱ्या ठिकाणचं. त्याचा हप्ता चुकला म्हणून तिसरं. सगळं मिळून एक लाख चाळीस हजार. वसुलीचे फोन दिवसा यायचे म्हणून फोन बंद, आणि झोप येत नाही म्हणून रात्री गेम. ‘बाबांनी दुकान बंद केलं तेव्हा उधारीच्या वह्या घेऊन कसे बसले होते, ते मी पाहिलंय. परत तसं नको होतं.’

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘तुला अक्कल नव्हती का?’ तेच आलं असतं एरवी. पण बारा रात्री मी त्या पडद्यासमोर बसून तीन-तीन उत्तरांतून एक निवडत होते. क्षणभर थांबायची सवय लागली होती. मी म्हटलं, ‘कुठल्या कर्जाला व्याज किती, ते लिहून काढू या.’

सकाळी ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जुनी उधारीची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर रेघ मारली. ‘आधी जास्त व्याजाचं फेडायचं,’ एवढंच म्हणाले. पतसंस्थेतून कमी व्याजाचं कर्ज काढलं, मोबाइलवरची सगळी फेडून पावत्या घेतल्या. पतसंस्थेचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. लेकीला गावातल्याच एका हिशेबनिसाकडे काम मिळालंय, पगार पुण्याच्या निम्मा. रडारड झाली, अबोलाही झाला. पण चोरून काही राहिलं नाही.

शेवटचा अंक

चौथ्या अंकाच्या शेवटी कॉनवे जातो. सापळ्यांच्या होडीत बसून, कारखान्याच्या चाकरीला. त्याला कसंही करून वाचवायचं म्हणून मी लेकीला मागे जायला लावलं, दुसरी उत्तरं द्यायला लावली. काही उपयोग झाला नाही. या गेममध्ये हार नाही, जीत नाही आणि मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात असतं ते एवढंच, की वाटेत कुणाशी कसं बोलायचं. आधी मला हे फसवणुकीसारखं वाटलं. आता वाटत नाही.

सामान पोचवायचं काम शॅनन अंगावर घेते. चार अंक रात्र होती, पाचव्यात पहिल्यांदा ऊन पडतं. रात्री पुरानं गाव धुऊन नेलंय आणि आपण एका मांजराच्या मागोमाग गावभर फिरतो. कुणी म्हणतं जाऊ, कुणी म्हणतं राहू. पुरात गेलेल्या दोन लाडक्या घोड्यांना सगळे मिळून मूठमाती देतात, गाणं म्हणतात. आणि ५, डॉगवूड ड्राइव्ह? ते घर तिथेच आहे. रिकामं. कॉनवेच्या ट्रकमधलं सामान एकेक करून आत जातं.

गेम मराठीत नाही. इंग्रजी वाचावं लागतं, तेही खूप. मला लेक अर्थ सांगायची. तुमच्या घरीही कुणी असेलच. एकट्यानं खेळण्यापेक्षा शेजारी कुणीतरी बसलेलं बरं, असं मी म्हणेन. घरातलं पोर रात्री-बेरात्री पडद्यासमोर दिसलं, तर एकदा शेजारी जाऊन बसा. काय चाललंय ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आमच्याकडे आता गेम संपलाय. पण मागच्या आठवड्यात एक भटकं कुत्रं दारात येऊन बसलं. ह्यांनी विचारलं, ‘कुणाचं गं हे?’

माडीवरून लेक ओरडली, ‘ब्लू!’